फेज डिस्प्लेच्या चार फेऱ्यांनंतर अठरापैकी नऊ वेळा एकच पेप्टाइड आलं. हा खरा बाइंडर मानायचा का?

बार्शीचा_अमोघ

नमस्कार. मी पुण्यात पीएचडी करतोय, तिसरं वर्ष. आमच्या लॅबमध्ये याआधी फेज डिस्प्ले कुणी केलेलं नाही, त्यामुळे शेजारच्या बेंचवर विचारायची सोय नाही. इंग्रजीत प्रश्न मांडला की तो नीटनेटका होतो आणि मला जे कळलेलं नाही तेच नेमकं झाकलं जातं, म्हणून मराठीत लिहितोय.

टार्गेट आहे क्षयाच्या जंतूतल्या एका प्रोटीनचा साधारण १५ किलोडाल्टनचा डोमेन, म्हणजे स्वतंत्र घडी घालणारा भाग. गाइडच्या सांगण्यावरून नाव लिहीत नाही, पेप्टाइडचे क्रम लिहायला मात्र त्यांची हरकत नाही. या डोमेनला चिकटणारं छोटं पेप्टाइड (अमिनो आम्लांची लहान साखळी) शोधायचं आणि ते कुठे, कसं बसतं याची रचना काढायची, असा माझ्या थिसिसचा अर्धा भाग आहे.

ज्यांना हे क्षेत्र नवं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: एम१३ नावाचा दोऱ्यासारखा व्हायरस असतो, जो फक्त बॅक्टेरियात वाढतो. त्याच्या एका टोकाला पी३ या प्रोटीनच्या पाच प्रती असतात. जनुकात तुकडा घातला की त्या तुकड्याचं पेप्टाइड या टोकावर बाहेर दिसतं. जॉर्ज स्मिथ यांनी १९८५ मध्ये हे दाखवलं, २०१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. बाहेर पेप्टाइड आणि आत त्याचाच डीएनए, म्हणून जो फेज टार्गेटला चिकटला त्याचा डीएनए वाचला की पेप्टाइडचा क्रम कळतो.

मी तयार मिळणारी ७ अमिनो आम्लांची लायब्ररी वापरली. सुमारे १०० कोटी वेगवेगळे क्लोन, म्हणजे वेगवेगळी पेप्टाइडं मिरवणारे फेज. प्रोटीन १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली, बायकार्बोनेट बफरमध्ये पीएच ८.६ ला, पॉलिस्टायरीनच्या ९६ खणी प्लेटवर रात्रभर कोल्ड रूममध्ये. बीएसए या प्रोटीनने ब्लॉकिंग (उरलेली जागा भरणं), ट्वीन या साबणासारख्या द्रव्याने धुणं (पहिल्या फेरीत ०.१ टक्के, पुढे ०.५), ग्लायसिन पीएच २.२ ने एल्यूशन (चिकटलेला फेज सोडवणं), लगेच ट्रिस घालून न्यूट्रल. याला पॅनिंग म्हणतात, एका फेरीतला फेज बॅक्टेरियात वाढवून पुढच्या फेरीत वापरायचा. अशा चार फेऱ्या. परत मिळणारा फेज पहिल्या फेरीत २×१०^४ होता, चौथीत ६×१०^६. हा आकडा बघून मी त्या दिवशी आईला फोन केला होता.

२० निळे प्लाक (बॅक्टेरियाच्या थरावर एकेका फेजने पाडलेले ठिपके) उचलले, १८ नीट वाचता आले. त्यात:

नऊ वेळा एच-ए-आय-वाय-पी-आर-एच (एकेक अक्षर म्हणजे एकेक अमिनो आम्ल). चार क्लोन वेगवेगळे, पण प्रत्येकात दोन-तीन डब्ल्यू. पाच सुटे क्लोन, त्यातल्या तिघांत एल-डी-(काहीही)-एफ असा तुकडा आहे, उदाहरणार्थ एस-एल-डी-टी-एफ-पी-के.

नऊवाला क्रम अल्फाफोल्डमध्ये (प्रोटीनच्या रचनेचा अंदाज बांधणारा प्रोग्राम) टार्गेटबरोबर चालवला तर एका खाचेत छान बसलेला दिसतो. गाइड म्हणतात हेच पेप्टाइड ९५ टक्के शुद्धतेचं बनवून घे आणि क्रिस्टलच्या ट्रे लाव. पैसे या वर्षीच्या कंटिन्जन्सीतून जाणार आणि ते एकदाच जाणार. ऑर्डर द्यायच्या आधी कुणी अनुभवी माणसाने हे डोळ्यांखालून घालावं अशी विनंती. आणि रचना काढायला क्रिस्टल करू की एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात रेणू तपासायची पद्धत)?

विदागार

अमोघ, मी कम्प्युटरवर बसणारा माणूस, फेज हातात धरलेला नाही. पण ऑर्डर थांबव. हा नऊवाला क्रम सारोटप या वेबटूलमध्ये टाकून बघ. टार्गेटशी संबंध नसताना पॅनिंगमध्ये पुन्हा पुन्हा उगवणाऱ्या पेप्टाइडांची ओळख पटवायला ते बनवलेलं आहे. हा क्रम तिथे जुना ओळखीचा आहे.

अल्फाफोल्डबद्दल: तेच सात अमिनो आम्ल उलटसुलट करून दहा क्रम बनव आणि तेही चालव. त्यातले सहा-सात त्याच खाचेत तितक्याच आत्मविश्वासाने बसले, तर त्या चित्रावरून फक्त एवढंच कळतं की तुझ्या डोमेनला खाच आहे.

मालती_ग

तुझ्यापेक्षा वयाने बरीच मोठी आहे, म्हणून एकेरीत लिहिते. पेप्टाइड आणि त्यांची बंधनं यात माझी चौदा वर्षं गेली. तुझा प्रश्न वाचून जेवण बाजूला ठेवून लिहायला बसले, कारण तू ज्या वळणावर उभा आहेस तिथे मी एक अख्खं वर्ष घालवलेलं आहे.

आधी त्या नऊबद्दल. एच-ए-आय-वाय-पी-आर-एच हा क्रम २००१ मध्ये माणसाच्या ट्रान्सफेरिन रिसेप्टरला चिकटणारा म्हणून प्रसिद्ध झाला. पुढे तो दुसऱ्याच, एकमेकांशी काही नातं नसलेल्या टार्गेटवर निघायला लागला. २००८ मध्ये त्याचं कारण सापडलं आणि ते पेप्टाइडमध्ये नव्हतंच. त्या क्लोनच्या जनुक २ च्या अलीकडे, जिथे रायबोसोम बसतो त्या जागेत, एका अक्षराचा बदल आहे, जी चा ए. जनुक २ चं प्रोटीन फेजच्या डीएनएची नक्कल सुरू करतं. लायब्ररीच्या फेजमध्ये निळ्या रंगासाठी जो तुकडा घातलेला असतो त्याने नक्कल सुरू होण्याची जागा थोडी बिघडते, त्यामुळे सगळी लायब्ररी मूळ एम१३ पेक्षा हळू वाढते. या एका क्लोनला मात्र तो बदल मिळालाय, म्हणून तो बाकीच्यांना मागे टाकून वाढतो.

आता तुझ्या चार फेऱ्या डोळ्यांसमोर आण. प्रत्येक फेरीनंतर तू एल्यूट झालेला फेज बॅक्टेरियात साडेचार तास वाढवलास. म्हणजे प्रत्येक फेरीत दोन परीक्षा झाल्या, एक प्लेटवर चिकटण्याची आणि एक फ्लास्कमध्ये वाढण्याची. निवड दोन्हींची होते. जो चिकटत नाही पण भरभर वाढतो, त्याचे दोन-चार कण धुण्यातून वाचले तरी त्या साडेचार तासांत त्याचीच गर्दी होते. आणि आपल्याला हे दिसत नाही, कारण सिक्वेन्सिंगला आपण जो प्रायमर देतो तो जनुक ३ वरचा असतो. जनुक २ कुणी वाचायलाच जात नाही. तू वाच. त्या क्लोनचा डीएनए तुझ्याकडे आहेच, एक प्रायमर मागवायचा खर्च.

दुसरं, ते डब्ल्यूवाले चार. डब्ल्यू, वाय, एफ यांची गर्दी असलेली पेप्टाइडं पॉलिस्टायरीनला चिकटतात. तू प्रोटीनने प्लेट मढवलीस, बीएसएने उरलेली जागा भरलीस, तरी उघडं प्लास्टिक कुठे ना कुठे राहतं. त्यांनी तुझं प्रोटीन सोडून प्लेट धरली असण्याची शक्यता फार मोठी आहे.

माझ्या वेळी प्लास्टिक नव्हतं, बायोटिनला घट्ट धरणाऱ्या स्ट्रेप्टाव्हिडिन या प्रोटीनचे मणी होते. मी टार्गेटला बायोटिन लावलं होतं, ते मण्यांवर पकडायचं आणि त्यावर फेज सोडायचा. तिसऱ्या फेरीत क्रमाक्रमात एच-पी-क्यू दिसायला लागलं. मला वाटलं मोटिफ (चिकटणारा समान साचा) मिळाला. वहीत लाल पेनाने चौकट केली, सेमिनारमध्ये दाखवलं. सेमिनार संपल्यावर एक पाहुणे प्राध्यापक जवळ आले आणि हळूच म्हणाले, "एच-पी-क्यू स्ट्रेप्टाव्हिडिनला चिकटतं, हे १९९० पासून माहीत आहे." त्याची क्रिस्टल रचनासुद्धा उपलब्ध होती, ते पेप्टाइड बायोटिनच्याच खिशात जाऊन बसतं. मी दहा महिने मण्यांचा अभ्यास करत होते. ती वही माझ्याकडे अजून आहे.

म्हणून तुझ्यासाठी सगळ्यात आधी करायचं काम साधं आहे. प्रत्येक वेगळ्या क्रमाचा एकेक क्लोन वेगळा वाढव, टायटर (फेजची संख्या) काढ, सगळे सारख्या संख्येवर आण. मग शेजारी शेजारी तीन खण घे: एकात टार्गेट आणि ब्लॉकिंग, एकात फक्त ब्लॉकिंग, एकात दुसरंच कुठलंतरी हिस-टॅगवालं (शुद्धीकरणासाठी हिस्टिडीनची शेपटी जोडलेलं) प्रोटीन आणि ब्लॉकिंग. तिसरा खण विसरू नकोस, टॅगला चिकटणारेही निघतात. सारखा फेज घाल, सारखं धू, आणि एम१३ च्या अँटिबॉडीने एलायझा (रंगावरून बंधन मोजायची चाचणी) कर किंवा सरळ एल्यूट करून प्लाक मोज. मला प्लाक मोजणं जास्त भरवशाचं वाटतं. निळा ठिपका दिसतो, मोजता येतो.

परत मिळणारा फेज तीनशे पट वाढला म्हणून तुला आनंद झाला, तो अगदी स्वाभाविक आहे. पण प्लास्टिकला चिकटणारे वाढले तरी तो आकडा असाच चढतो. रिकाम्या खणाचा आकडा शेजारी नसेल तर त्या चढणीतून काही वाचता येत नाही.

एल-डी-एफ वाल्या तिघांकडे माझं लक्ष सारखं जातंय. वेगवेगळे क्लोन, पण मधला साचा एक. लायब्ररीत ते तिघं स्वतंत्रपणे जन्मले आणि स्वतंत्रपणे निवडले गेले. एकच क्लोन नऊ वेळा येणं ही एकच साक्ष आहे. तीन निराळे क्लोन एकच गोष्ट सांगत असतील तर त्या तीन साक्षी झाल्या. तू आकड्याकडे बघितलंस, मी साच्याकडे बघेन.

खणांचे आकडे आले की इथे टाक. पेप्टाइड त्यानंतर.

स्पिन_अर्धा

मालतीताईंनी जे लिहिलंय त्यात भर घालण्यासारखं फार नाही. क्रिस्टल की एनएमआर याबद्दल सांगतो, माझा तो रोजचा धंदा आहे.

१५ किलोडाल्टनचा डोमेन म्हणजे एनएमआरला अगदी सुखाचा आकार. एम९ माध्यमात नायट्रोजन-१५ चं अमोनियम क्लोराइड लिटरला १ ग्रॅम घालून प्रोटीन वाढव आणि एचएसक्यूसी (एनएमआरचा ठिपक्यांचा नकाशा) घे. प्रोलिन सोडून प्रत्येक अमिनो आम्लाचा एक ठिपका, म्हणजे तुझे साधारण १३० ठिपके यायला हवेत. आधी नुसत्या प्रोटीनचा घे. ठिपके सुटे सुटे पसरलेले असतील तर डोमेन नीट घडी बसलेला आहे. सगळे मधोमध गोळा झाले असतील तर पेप्टाइडचा विचार सोड, आधी प्रोटीन सुधार.

मग पेप्टाइड थोडं थोडं घालत जायचं, पाव पट, अर्धी पट, एक, दोन, चार पट. सात अमिनो आम्लांचं सरळ पेप्टाइड मायक्रोमोलरमध्ये (आकडा जितका लहान तितकं बंधन घट्ट) चिकटलं तरी चांगलं म्हणायचं. अशा सैल बंधनात ठिपके सरकत जातात. प्रत्येक ठिपका सरळ रेषेत सरकला तर एकच जागा, एकच घटना. रेष वाकली तर दोन गोष्टी एकदम चालू आहेत. बंधन नॅनोमोलरमध्ये असेल तर ठिपका सरकत नाही, जुना विझत जातो आणि दुसरीकडे नवा पेटत जातो. या दोन्हींच्या मधली अवस्था नवख्यांना घाबरवते: ठिपके रुंद होऊन गायबच होतात. पोरं म्हणतात प्रोटीन बसलं, साका झाला. ट्यूब उजेडात धरून बघावी. पाणी नितळ असेल तर ते बंधनच आहे, त्या जागेचे ठिपके त्या वेगाला दिसत नाहीत इतकंच.

कुठले ठिपके सरकले यावरून पेप्टाइड कुठे बसतं याचा नकाशा मिळतो. पण त्यासाठी कुठला ठिपका कुणाचा हे माहीत हवं, म्हणजे कार्बन-१३ चंही लेबल आणि काही दिवसांचा मशीनवेळ. मुंबईला टीआयएफआर या संशोधन संस्थेत हाय-फील्ड एनएमआरची राष्ट्रीय सुविधा आहे, बाहेरच्यांना वेळ मिळतो. लवकर अर्ज कर.

क्रिस्टलला माझा विरोध नाही. मिळाला तर त्याच्याइतकं स्पष्ट चित्र दुसरं नाही, आणि डेटा घ्यायला इंदूरच्या इंडस-२ या तीव्र क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर प्रोटीन क्रिस्टलची बीमलाइन आहे. पण सैल पेप्टाइडचा क्रिस्टल फसवतो. प्रोटीन एकटंच क्रिस्टल होतं आणि खाचेत थोडी धूसर घनता (इलेक्ट्रॉनांच्या दाटीची खूण) दिसते, ज्यात माणूस आपल्याला हवं ते पेप्टाइड बसवून मोकळा होतो. पेप्टाइड बाजूला काढून नकाशा पुन्हा काढायचा आणि तरीही कण्याचा आकार स्वतःहून उमटला तरच मानायचं.

बार्शीचा_अमोघ

तीन आठवड्यांनी परत आलो. उशिराबद्दल माफी, मधे ईआर२७३८ या बॅक्टेरियाचा स्टॉक बिघडला आणि दोन वेळा लॉन (बॅक्टेरियाचा थर) पडलंच नाही.

मालतीताई, तुम्ही सांगितलं तसंच केलं. सगळे क्लोन १०^१० वर आणले, तीन खण, तीनदा.

नऊवाला: टार्गेटच्या खणातून ३.४×१०^५, रिकाम्या ब्लॉक केलेल्या खणातून ३.१×१०^५. फरक नाही. जनुक २ पण वाचून घेतलं. जी चा ए झालेला आहे, तुम्ही म्हणालात त्याच जागी. प्रिंटआउटवर ते एक अक्षर बघताना फार विचित्र वाटलं. नऊ महिने त्या अक्षराने मला फिरवलं.

डब्ल्यूवाले: रिकाम्या खणात उलट थोडे जास्तच.

एस-एल-डी-टी-एफ-पी-के: टार्गेटवर २.२×१०^५, रिकाम्या खणात ५×१०^३, दुसऱ्या हिस-टॅग प्रोटीनवर ६×१०^३. दुसरे दोन एल-डी-एफ वालेही याच पट्टीत, थोडे कमी.

तीनदा केलं, तीनदा असंच आलं. गाइडना दाखवलं, त्यांनी ऑर्डर बदलायला परवानगी दिली. आता हेच पेप्टाइड मागवतोय. काय काळजी घेऊ?

मालती_ग

चाळीस पट! अमोघ, ही खरी बातमी आहे. आता आईला फोन कर.

ऑर्डर देण्याआधी चार गोष्टी. हे सगळं मी पैसे वाया घालवून शिकले.

फेजवर तुझ्या सात अमिनो आम्लांचं पहिलं टोक मोकळं असतं आणि शेवटचं टोक ग्लायसिन-ग्लायसिन-ग्लायसिन-सेरिनच्या पट्टीने पी३ ला जोडलेलं असतं. तू नुसतं सातचं पेप्टाइड मागवलंस तर शेवटच्या के नंतर लगेच एक ऋण भार येतो, जो फेजवर कधीच नव्हता. तो मोटिफच्या जवळ असला तर बंधन मरू शकतं. म्हणून ती चार अक्षरांची शेपटी ठेव आणि शेवटी अमाइड कर.

शेपटीच्या टोकाला एक टायरोसिन जोड. तुझ्या पेप्टाइडमध्ये डब्ल्यू नाही, वाय नाही, म्हणजे २८० नॅनोमीटरला ते दिसतच नाही. एफ तिथे काही शोषत नाही. मग तू वजनावरून कॉन्सन्ट्रेशन काढशील आणि चुकशील, कारण वाळवलेल्या पेप्टाइडच्या पुडीत पाणी आणि क्षार असतात, १ मिलिग्रॅम म्हणजे १ मिलिग्रॅम पेप्टाइड नसतं. कॉन्सन्ट्रेशन चुकलं की आयटीसीत (बंधनाची उष्णता मोजणारं तंत्र) एकास-एक बंधन एकास ०.७ दिसतं आणि माणूस त्याचा अर्थ लावत बसतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती घडली तशी सांगते. एका पेप्टाइडचं एचएसक्यूसी टायट्रेशन करत होते. पेप्टाइड घातलं आणि वीस-बावीस ठिपके सुंदर सरकले, सरळ रेषेत. मी आणि माझा विद्यार्थी रात्री साडेअकराला त्या स्क्रीनसमोर उभे होतो. दुसऱ्या दिवशी सरकलेले ठिपके रचनेवर रंगवले, तर ते एका जागी जमेनात. प्रोटीनच्या चारही बाजूंना विखुरलेले. मग लक्षात आलं की त्यातले बहुतेक हिस्टिडीनचे किंवा हिस्टिडीनच्या शेजारचे आहेत. ट्यूबमधलं पाणी बारीक इलेक्ट्रोडने तपासलं. पीएच ६.८ ने सुरू केलेलं, शेवटी ६.१ होतं. पेप्टाइड बनवताना ट्रायफ्लुरोअ‍ॅसिटिक आम्ल वापरतात आणि पुडीत त्याचा क्षार राहतो. आमच्या स्टॉकचं पाणी आम्लधर्मी होतं आणि बफर त्याला पुरला नाही. आम्ही आम्लाचं टायट्रेशन केलं होतं.

तेव्हापासून माझ्या लॅबचा नियम आहे: पेप्टाइड प्रोटीनच्याच डायलिसिसच्या बफरमध्ये विरघळवायचं, पीएच प्रोटीनच्या पीएचवर आणायचा, आणि टायट्रेशनच्या आधी आणि नंतर ट्यूबमधला पीएच वहीत लिहायचा. स्पिन_अर्धा यांनी सांगितलेला सरळ रेषेचा निकष बरोबर आहे, पण आम्लही ठिपके सरळ रेषेतच सरकवतं.

चौथी: फेजच्या टोकाला पी३ पाच आहेत आणि पाचांवर पेप्टाइड आहे. दाट मढवलेल्या प्लेटवर तो दोन-तीन हातांनी धरतो. सुट्या पेप्टाइडला एकच हात. म्हणून प्लेटवर चाळीस पट असलं तरी द्रावणात बंधन शंभर मायक्रोमोलर निघू शकतं. तसं निघालं तर खचून जाऊ नकोस, तिथून वर चढायचे रस्ते आहेत.

ते रस्ते कसे दिसतात याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण म्हणजे एमडीएम२. कॅन्सरपासून वाचवणाऱ्या पी५३ ला हे प्रोटीन पकडून ठेवतं. १९९६ मध्ये एमडीएम२ च्या डोमेनची पी५३ च्या १५ अमिनो आम्लांच्या तुकड्याबरोबरची क्रिस्टल रचना आली. तुकडा हेलिक्स (मळसूत्रासारखी गुंडाळी) होऊन खाचेत पडलेला, आणि त्याच्या एकाच बाजूने तीन अमिनो आम्लांच्या बाजूच्या साखळ्या खाली उतरलेल्या: एफ१९, डब्ल्यू२३, एल२६. बाकीचे जवळजवळ सगळे बाहेर, पाण्याकडे. पुढे १२ अमिनो आम्लांच्या फेज लायब्ररीतून या प्रोटीनवर टी-एस-एफ-ए-ई-वाय-डब्ल्यू-एन-एल-एल-एस-पी हे पेप्टाइड निघालं, २००९ मध्ये त्याची रचना छापली गेली. पी५३ चा त्याच भागाचा तुकडा शेजारी लिही: ई-टी-एफ-एस-डी-एल-डब्ल्यू-के-एल-एल-पी-ई. एकाखाली एक ठेवून बघ. कोट्यवधी क्रमांतून निवड होऊन आलेल्या पेप्टाइडने तेच एफ, तेच डब्ल्यू, तोच एल, त्याच अंतरावर ठेवलाय. आणि पी५३ च्या तुकड्यापेक्षा ते साधारण शंभर पट घट्ट, ३ नॅनोमोलरच्या आसपास.

गोष्ट तिथे थांबली नाही. त्या संशोधकांनी एकेक अमिनो आम्ल अ‍ॅलानिनने (ए) बदलून पाहिलं. एफ, डब्ल्यू काढले की बंधन कोसळतं, हे अपेक्षितच. पण आठव्या जागेचा एन काढून ए घातला तेव्हा पेप्टाइड आणखी घट्ट झालं, अर्ध्या नॅनोमोलरपर्यंत. एन हेलिक्सला फारसा मानवत नाही, ए मानवतो. फेजने हे का शोधलं नाही, असा प्रश्न मला पहिल्यांदा वाचताना पडला होता. लायब्ररीत शंभर कोटी क्लोन असतात आणि १२ अमिनो आम्लांचे शक्य क्रम ४१ कोटी कोटी. बहुतेक क्रम लायब्ररीत नसतातच. तुझ्या सातच्या लायब्ररीत १२८ कोटी शक्य क्रम आणि १०० कोटी क्लोन, म्हणजे तुझी अवस्था खूप बरी, पण तुझ्याकडेही सगळे नव्हते. म्हणून फेजने दिलेलं पेप्टाइड ही सुरुवात धरायची, आणि अ‍ॅलानिनने एकेक जागा तपासायची. एल, डी, एफ या तीन जागा आधी. त्यातली डी बदलून काहीच झालं नाही तर मोटिफबद्दल आपण दोघंही चुकलो.

विदागार

एक छोटी भर. पुन्हा कधी पॅनिंग केलंत तर लायब्ररी टार्गेटशिवाय नुसतीच एकदा वाढवून ती खोल सिक्वेन्स करून ठेवा. जे तिथे फुगले ते वेगवान वाढणारे, त्यांची यादी आधीच हातात राहते. आणि शेवटच्या फेरीचा फेज वाढवायचा नाही, एल्यूट झालेलाच थेट वाचायचा.

स्पिन_अर्धा

ताईंचा पीएचचा किस्सा वाचून माझ्या दोन जुन्या डेटासेटबद्दल शंका आली, उद्या वही काढून बघतो. अमोघ, कंट्रोल म्हणून उलटसुलट क्रमाचं पेप्टाइडही मागव आणि त्याच शेपटीसकट मागव. आम्ल, क्षार, शेपटी सगळं दोघांत सारखं राहील, मग जो फरक दिसेल तो फक्त क्रमाचा.

बार्शीचा_अमोघ

सगळ्यांचे मनापासून आभार. शेपटी, अमाइड, टायरोसिन सगळं फॉर्ममध्ये भरलंय. कंट्रोलसाठी मी उलटसुलट केलेला क्रम असा: के-एल-डी-पी-एफ-एस-टी, पुढे तीच शेपटी. उद्या दुपारी परचेसला फाइल जाणार. ठीक आहे ना?

मालती_ग

थांब, फाइल देऊ नकोस. तुझ्या कंट्रोलमध्ये दुसरं, तिसरं आणि पाचवं अक्षर बघ. एल, डी, एफ. मोटिफ जागच्या जागी राहिलाय, अंतरासकट. हा कंट्रोल चिकटेल आणि तू समजशील की बंधन खोटं आहे.

एफ-के-डी-एस-पी-एल-टी असा लिही. तीच सात अक्षरं, एल आणि एफ उलट्या बाजूला आणि लांब. मी दोनदा मोजलं, तूही एकदा मोज, मग सही घे.